माडबंदरच्या पडद्यावरची ओळ

या, जवळ सरका. पंख्याचा आवाज होतोय, तेव्हा मागे बसू नका. आज एक गोष्ट सांगायची आहे. तिच्यात दर्या आहे, देऊळ आहे आणि संगणकाच्या पडद्यावर सांडलेला अंकांचा एक ढीग आहे. ढीग ऐकून बिचकू नका. तो उलगडायला थोडा धीर आणि मोजायची सवय लागते, आणि ती तुमच्याजवळ आहे. बाकीचं गौरजाबाई बघून घेतील.

गौरजा सामंत राहतात कुडाळला. मुंबईत एका बँकेच्या दक्षता विभागात त्यांनी तेवीस वर्षं काढली आणि मग गावी येऊन खासगी तपासाची कामं घेऊ लागल्या. त्यांचे शेजारी धोंडू मास्तर. निवृत्त शिक्षक, कीर्तनात पखवाज वाजवणारे. मास्तरांचा ताल कधी चुकला नाही, पण संगणकासमोर बसले की पहिली मात्रा सापडत नाही. तरी बाईंच्या प्रत्येक कामाला ते वही घेऊन सोबत असायचे.

ऑक्टोबर सरत आला होता. आठवडा बाजाराचा बुधवार. बाजाराची पिशवी न घेताच एक बाई दारात उभी राहिली. हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला एक कागद.

ती विमला गिरकर. मालवणच्या बाजूला माडबंदर म्हणून छोटं बंदर आहे, तिथली. नवरा बाबली होडीचा तांडेल, म्हणजे होडी चालवणारा मुख्य. आठ दिवसांपूर्वी, मागच्या बुधवारी पहाटे, तो ओमकार नावाच्या खलाशाला घेऊन जाळं टाकायला गेला. दुपारी वादळी वारा सुटला. शुक्रवारी निवतीच्या खडकांकडे उलटी होडी सापडली. माणसं सापडली नाहीत.

विमला रडत नव्हती. रडून झालं होतं. तिने कागद पुढे केला. मच्छीमार संस्थेच्या संकेतस्थळावरची सूचना होती ती, छापून गावभर वाटलेली. वर तारीख मंगळवारची, वेळ दुपारी चार वाजून दहा मिनिटं. खाली चार ओळी.

उद्या बर्फाची गाडी सकाळी नऊ वाजता येईल.

समुद्र खवळलेला राहील, मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.

बाबली गिरकर यांची होडी परतलेली नाही, कुणाला दिसल्यास कळवावे.

शोध थांबवला आहे. शोक म्हणून आज कार्यालय बंद.

संस्थेची पद्धत अशी की आठवड्याला एकच सूचना उघडायची आणि नवीन काही आलं की तिच्यातच खाली ओळ जोडायची. तारीख पहिल्या दिवसाची तशीच राहते. तेव्हा वरची ओळ आधीची, खालची नंतरची, असा गावाचा सरळ हिशेब. वाऱ्याची ओळ होडीच्या ओळीच्या वर होती. म्हणजे बाबलीला इशारा दिसला होता आणि तरीही तो ओमकारला घेऊन गेला.

"ते गेले त्येचा दुख्ख आसाच," विमला म्हणाली. "पण जाणूनबुजून दुसऱ्याच्या पोराक मरणात घातल्यानी, असा गाव म्हणता. ता माका सोसणा नाय."

पुढचं तिने हळूहळू सांगितलं. माडबंदरला हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या कीर्तनात, त्या वर्षी दर्याने नेलेल्यांची नावं घेतात. ज्याचं माणूस गेलं त्या घराने नाव घ्यायचं नसतं. दुसऱ्या घरातल्या कुणीतरी उभं राहून ते उच्चारायचं, मग बुवा ते देवापुढे म्हणतात. गावाने त्या माणसाला आपलं म्हटलं, असा त्याचा अर्थ. येत्या रविवारी ते कीर्तन होतं. ओमकारसाठी उभे राहणारे दहाजण होते. बाबलीसाठी कुणी नव्हतं.

"अंग मिळाक नाय," ती म्हणाली. "नाव तरी मिळूचा."

गौरजाबाईंनी कागद घडी करून स्वतःजवळ ठेवला आणि मास्तरांना वही घ्यायला सांगितलं.

माडबंदरच्या धक्क्यावर बर्फाचा कारखाना आहे. त्याच्या भिंतीवर टीव्हीएवढा पडदा लावलाय आणि संस्थेची सूचना त्याच्यावर आपोआप उमटते. होडीवाले पहाटे बर्फ घ्यायला येतात तेव्हा ती वाचतात.

शोकानंतर नवी सूचना कुणी उघडलीच नव्हती, आणि त्या दिवशी पडद्यावर वाचण्याजोगं फार नव्हतं. सगळ्यात खालची, शोध थांबवल्याची ओळ तेवढी स्वच्छ मराठीत होती. वरती नुसता कचरा. तिरकी चिन्हं, इंग्रजी अक्षरं, चार चार आकडे, पुन्हा चिन्हं.

मास्तर विमलाच्या कागदाशी ताडत, मान वाकडी करून बघत राहिले. "ह्या बर्फाच्या ओळीत अक्षरां कमी. आणि ढीग मोठो. वाऱ्याच्या ओळीत अक्षरां जास्त, आणि ढीग तेच्यापेक्षा बारीक. असा कसा?"

"लिहून ठेवा," बाई म्हणाल्या.

कारखान्यावर बाबा नावाचा एकजण असतो. विमलाचा सख्खा भाऊ, आणि म्हणूनच गावात त्याची साक्ष कुणी धरत नव्हतं. त्या बुधवारी गावातले बाकीचे सगळे किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढायला गेले होते. बर्फाला एकटा बाबली आला. ओमकार खाली होडीत होता.

"बाबलीन पडद्यार बघल्यान, मोठ्यान वाचल्यान," बाबा सांगू लागला. "बर्फाची गाडी नऊ वाजता. मगे माका म्हणता, नवाक इलेल्या बर्फाचा मी काय करू, सरबत? आणि आदल्या दिवसाचो उरललो बर्फ घेवन गेलो."

"वाऱ्याचं काही नव्हतं?"

"एकच ओळ होती बाय. पण मी पडलंय बाबलीच्या बायकोचो भाव."

पडद्यावर हा कचरा केव्हापासून, असं बाईंनी विचारलं. बाबाने आठवून सांगितलं. बुधवारी संध्याकाळी अनुजाने होडीची ओळ घातली, तेव्हा वरची बर्फाची ओळ बिघडली. होडीची मात्र नीट वाचता येत होती. गुरुवारी कारखाना बंद आणि पडदाही बंद, कारण गावच्या सगळ्या होड्या शोधायला गेल्या होत्या आणि तोही गेला होता. शुक्रवारी येऊन बघतो तर होडीची ओळही बिघडलेली, आणि खाली शोध थांबवल्याची नवी.

"दर टायमाक नवीन लिवल्यार जुना बिघाडता," तो म्हणाला. "आमका सवय झाली."

संस्थेचं कार्यालय धक्क्यावरच, वरच्या मजल्यावर. लिपिक अनुजा पंचवीस-सव्वीसची, डोळ्यांखाली काळं आलेलं. ओमकार तिचा मावसभाऊ. वाऱ्याची ओळ तूच घातलीस का, असं बाईंनी विचारलं तेव्हा तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

"माका आठवणा नाय," ती म्हणाली. "सुदेशभाऊ म्हणतत, मंगळवारी मिया टाकलंय. बर्फाचा टाकलंय ता आठवता. वाऱ्याचा आठवणा नाय. पण इशारो टाकूचा काम माझा. नाय टाकलंय म्हटलंय तर दोघांच्या मरणाक मीच कारण."

रात्र रात्र आठवून तिला आता स्वतःच्याच डोक्याचा भरवसा उरला नव्हता. संस्थेच्या संकेतस्थळाची किल्ली, म्हणजे परवलीचा शब्द, दोघांकडेच होता. तिच्याकडे आणि सचिव सुदेश यांच्याकडे.

सुदेश आतल्या खोलीतून आले. पन्नाशीचे, कपाळावर गंध, आवाज मऊ. गावच्या कीर्तनात झांज त्यांचीच. बाईंना त्यांनी आधी पाणी दिलं, मग कार्यालयातलं शुद्ध मराठी बोलू लागले.

"मंगळवारी मी कुडाळला कीर्तनाला जाणार होतो. साडेतीनला निघालो. निघताना अनुजाला वाऱ्याचा इशारा सांगितला आणि तिने चार वाजून दहा मिनिटांनी सूचना टाकली. वेळ पानावर आहेच. कीर्तनात फोन बंद होता माझा. नऊला सुटलं तेव्हा चालू केला."

"हवामानाचा इशारा तुम्हाला येतो कसा?"

"सगळ्या संस्थांच्या सचिवांचा एक गट आहे फोनवर. तिथे येतो."

छापलेला कागद त्यांनीच तयार केला होता. पडद्यावरचं कुणाला कळेना, म्हणून कुडाळच्या एका दुकानातून सगळा ढीग एकदम उलगडून आणला आणि गावाला वाटला. गैरसमज राहू नयेत, असं ते म्हणाले. विमलाबद्दल वाईट वाटतं, असंही म्हणाले, आणि ते खोटं वाटलं नाही.

गौरजाबाईंनी आपला लॅपटॉप उघडला आणि संस्थेचं पान लावलं. मास्तर शेजारी सरकले.

"हा कचरा नाही, मास्तर. हे पान मराठी अक्षर जसंच्या तसं ठेवत नाही, त्याचा क्रमांक ठेवतं. ब या अक्षराचा क्रमांक दोन हजार तीनशे अठ्ठेचाळीस. म्हणून ब असा ठेवला जातो." त्यांनी कागदावर लिहून दाखवलं: अँडचं चिन्ह, हॅश, मग 2348 आणि शेवटी अर्धविराम.

"मगे वाचतला कोण?"

"ब्राउझर. पान उघडलं की तो क्रमांकाचं अक्षर करून दाखवतो. पण एकदाच. इथे काही ओळींवर एकापेक्षा जास्त वेष्टणं चढलीत. एक त्याने काढलं, उरलेली आपण काढू."

त्यांनी ब्राउझरच्या आतली, कोड लिहायची काळी पट्टी उघडली. तीन ओळी लिहिल्या. मास्तरांना अर्थ असा सांगितला: एक लिहायचा चौकोन तयार कर, पण पडद्यावर दाखवू नकोस. हा ढीग त्याच्या पोटात घाल. आता चौकोनात काय लिहिलंय ते वाचून दाखव. अशा चौकोनात घातलेलं सगळं नुसता मजकूर म्हणूनच राहतं, दुसरं काही चालू होत नाही, त्यामुळे अनोळखी ढीग उलगडायला तो बरा. आणि एका खेपेला तो एकच वेष्टण काढतो.

"कोणती ओळ कितव्या खेपेला वाचता येते, तेवढं तुम्ही टिपा."

पहिली खेप. वाऱ्याची ओळ उघडली. तिच्या सुरुवातीला एक छोटा त्रिकोण होता, आत उद्गारचिन्ह असलेला; कागदावर छापताना तो गळला होता. बर्फाची आणि होडीची ओळ अजून कचराच.

दुसरी खेप. होडीची ओळ उघडली.

तिसरी खेप. बर्फाची.

मास्तरांनी वहीत लिहिलं: शोध, न उलगडता. वारा, एक. होडी, दोन. बर्फ, तीन. मग पेन ठेवून म्हणाले, "सगळा तर ह्या कागदार होताच. आपण येगळा काय मिळयला?"

"कागदावर ओळी आहेत," बाई म्हणाल्या. "खेपा नाहीत. त्या दुकानातल्या यंत्राने सगळं एकदम सोलून काढलं."

मास्तरांनी वही मिटली. त्यांना काही कळलं नव्हतं.

तिथून त्या हौसाबाईंकडे गेल्या. ओमकारची आई. ओटीवर बसून होती, समोर सुपात तांदूळ, पण हात चालत नव्हते. बाबली माझ्या मुलाला लहानपणापासून खांद्यावर घेऊन धक्क्यावर न्यायचा, असं ती म्हणाली, आणि म्हणूनच सगळ्यात जास्त चीड तिला होती. सुदेश स्वतः येऊन तिला सांगून गेले होते की इशारा असूनही बाबलीने ऐकलं नाही.

बाईंनी तिला एकच विचारलं. गुरुवारी सगळे शोधायला गेले, तेव्हा जवळ कोण होतं?

"अनुजा. सकाळपासून दिवो लागासर माझ्या उशाक होती, हलाक नाय. कार्यालयाची चावी सुदेशान माणूस धाडून न्हेल्यान तिच्याकडसून."

निघताना बाई तिच्या पाया पडल्या, तेव्हा तिने डोक्यावर हात ठेवला, पण नजर समुद्राकडेच होती.

परतीच्या वाटेवर शेजारच्या बंदरात बाईंनी गाडी थांबवली. तिथल्या संस्थेच्या सचिवांना नमस्कार केला आणि सचिवांच्या गटावरचे मंगळवारचे संदेश दाखवायची विनंती केली. त्या दिवशीचा हवामानाचा एकच संदेश होता. बाईंनी तो मास्तरांपुढे धरला.

"काय दिसतं?"

"तीच वाऱ्याची ओळ. पयलो तो त्रिकोण आसाच. वेळ पाच वाजून दहा मिनिटं." मास्तरांनी तेही लिहून घेतलं.

रविवारी दुपारी विठ्ठलाच्या सभामंडपात गाव जमलं. संध्याकाळी शेवटचं कीर्तन होतं. बुवा आधीच आले होते. गौरजाबाईंनी त्यांची परवानगी मागितली आणि पेटीच्या खोक्यावर लॅपटॉप ठेवला. बर्फ कारखान्यावरचा पडदा काढून बाबाने खांबाला बांधला होता. खांबाच्या डावीकडे हौसाबाई आणि तिच्या बाजूचं सगळं गाव. उजवीकडे विमला, बाबा, आणि मध्ये बरीच मोकळी फरशी. अनुजा दोन्हीकडे न बसता दारात उभी होती. सुदेश झांजा मांडीवर घेऊन पुढे बसले होते.

बाईंनी अनुजाला बोलावून घेतलं.

"एक नवीन सूचना उघड. एकच शब्द लिही, बर्फ. जतन कर."

पडद्यावर बर्फ असा शब्द उमटला. स्वच्छ.

"आता तीच सूचना पुन्हा उघड. खाली होडी लिही. जतन कर."

बर्फ बिघडला, त्याच्या जागी आकड्यांचा ढीग आला. खाली होडी स्वच्छ. लोकांना हे ओळखीचं होतं.

"पुन्हा. वारा लिही. पण आता तळाला नको, दोन्हींच्या मध्ये लिही."

अनुजाने तसं लिहिलं. वरचा ढीग आणखी लांबला, खालची होडी बिघडली, आणि दोघांच्या मधोमध वारा स्वच्छ उमटला.

"अजून एकदा. तळाला शोध."

आता शोध स्वच्छ होता आणि वरती तीन ढीग. सगळ्यात लांब पहिला. सगळ्यात आखूड मधला.

"धक्क्यावर गेले दहा दिवस तुम्ही बघताय ते हेच चित्र," बाई म्हणाल्या. "तुमच्या पानाला एक खोड आहे. सूचना पुन्हा उघडून जतन केली की आत आधीपासून असलेल्या प्रत्येक अक्षरावर ते आणखी एक वेष्टण चढवतं. नव्याने लिहिलेल्यावर चढवत नाही." त्यांनी पडद्यावर दोन खुणा शेजारी शेजारी दाखवल्या, एक &#2348; आणि दुसरी &amp;#2348; अशी. "हे मधलं एएमपी म्हणजे एक वेष्टण. आज पानावर ओळ कुठे आहे, ते बघू नका. जागा कुणालाही बदलता येते. वेष्टणं मोजा."

मंडपात कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, समजलं नाही. मग बाबा उभा राहिला.

"होडयेसारख्या रे," तो म्हणाला. "वर्षाक एक हात रंग मारतो ना आपण? मधीच एक फळी बदलली, तर तिच्यार हात कमी आसतत. ती खंय बसवलीहा ता बघान काय? रंग खरवडून हात मोजूचे. कमी हात, ती नवी फळी."

"तसंच," बाई म्हणाल्या. "मास्तर, वही वाचा."

धोंडू मास्तर उठले. शाळेत हजेरी घ्यावी तसं वाचू लागले. "बर्फ, तीन खेपा. होडी, दोन खेपा. वारा, एक खेप. शोध, न उलगडता." आणि वाचता वाचताच ते थांबले. चष्मा काढला. "म्हणजे होडी परतलेली नाय, ही ओळ आधी लिवली. आणि दर्यात जाव नये, ही मगे."

लोक पडद्यावरचे ढीग पुन्हा मोजू लागले.

"बुधवारी संध्याकाळी होडीची ओळ अनुजाने घातली," बाई म्हणाल्या. "शुक्रवारी सकाळी शोध थांबवल्याची तिनेच. वाऱ्याची ओळ त्या दोहोंच्या मधल्या वेळात घातली गेली आणि मुद्दाम वर सरकवली गेली, कारण वरची ओळ म्हणजे मंगळवारची, असं गाव धरतं. बाबलीने पडद्यावर जे वाचलं ते फक्त बर्फाचं. बाबा पहिल्या दिवसापासून खरं सांगत होता. मंगळवारीच दुसरी ओळ जोडली गेली असती, तर बर्फाची ओळ तेव्हाच बिघडली असती आणि बाबलीला ती वाचताच आली नसती."

"मग घातली कुणी?" मागून एकाने विचारलं. काहीजणांच्या नजरा अनुजाकडे गेल्या.

"परवलीचा शब्द दोघांकडेच. गुरुवारी अनुजा दिवसभर हौसाबाईंपाशी होती. कार्यालयाची चावीही सुदेश यांनी मागवून घेतली होती. पडदा बंद, कारखाना बंद, गाव दर्यात. पडदा चालू असता तर त्या दिवशी वाऱ्याची ओळ सगळ्यांना स्वच्छ दिसली असती. शुक्रवारी अनुजाने सूचना उघडली, तेव्हा लिहायच्या जागेत तिला नुसते आकडे दिसले. आकड्यांच्या ढिगात एक ढीग वाढला, हे कुणाला कळणार? तिने खाली ओळ जोडली आणि जतन केलं. वाऱ्यावर पहिलं वेष्टण चढलं ते तेव्हा."

त्या सुदेश यांच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही.

"सुदेशभाऊ, तुम्ही म्हणालात, साडेतीनला निघताना इशारा अनुजाला सांगितला. चार दहाला तिने टाकला. तो इशारा तुमच्या गटावर पाच वाजून दहा मिनिटांनी आला. त्या दिवशी दुसरा आलाच नाही. आणि हाताने लिहिणारा माणूस ओळीआधी त्रिकोण काढत नाही. तो त्रिकोण फोनवरच्या संदेशात होता. संदेश उचलून जसाच्या तसा इथे ठेवला गेला."

सुदेश यांनी झांजा मांडीवरून उचलून फरशीवर ठेवल्या. आवाज होऊ न देता. बोलले ते मालवणीतच.

"कीर्तन सुटल्यार बघलंय. म्हटलंय, उद्या सकाळी टाकूया. सकाळी कार्यालयात इलंय तर बाबली गेललो. फोन लावलंय, लागाक नाय. त्या दिवसभर कोणाकच सांगूक धीर झालो नाय. दुसऱ्या दिवशी वाटला, बाबली काय आता बोलाक येवचो नाय. दोष जित्याच्या वाटेक तरी नको. म्हणान ती ओळ वर घातलंय."

अनुजा भिंतीला टेकून खाली बसली. तिला रडू फुटलं. बारा दिवसांत पहिल्यांदा तिचं तिला आठवलेलं खरं ठरलं होतं.

हौसाबाई उठली. मधली मोकळी फरशी ओलांडून सुदेश यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझ्या वटयेर बसान सांगितलंस," ती म्हणाली. "माझो चाय पियालंस. आणि मिया इतके दिवस त्या माणसाक शाप दिलंय."

सुदेश यांना मान वर करता आली नाही. आता आपण झांज धरणार नाही आणि संस्थेतही बसणार नाही, असं काहीतरी ते पुटपुटले. बुवा म्हणाले की कीर्तनात बसलात त्याचा दोष देव धरणार नाही, चालढकल माणसाकडून होतेच. ज्याला परत बोलता येत नाही त्याच्या माथ्यावर आपलं ओझं ठेवलंत, ते मात्र आज इथे, त्याच्या नावापुढेच खाली ठेवा. बाहेर जाऊ नका, बसून ऐका.

पुढच्या कारवाईचं संस्थेने काय ते ठरवावं, असं गौरजाबाईंनी सांगितलं आणि लॅपटॉप मिटला. धोंडू मास्तरांनी कुणाला न विचारता पखवाज पुढे ओढला. गावच्या पखवाजवाल्याने जागा दिली.

संध्याकाळी कीर्तन उभं राहिलं. दिवे लागले. उत्तररंग संपत आला तसे बुवा थांबले आणि त्यांनी दर्यात गेलेल्यांची नावं मागितली. ओमकारचं नाव चारजणांनी एकदम घेतलं. बुवांनी ते देवापुढे म्हटलं, टाळ वाजले.

मग बाबलीचं नाव उरलं. बारा दिवस जे तोंडावर आणलं नव्हतं, ते पहिल्यांदा उच्चारायचा संकोच प्रत्येकाला होता. विमला डोळे मिटून बसली होती. बाबाने तिच्या पाठीवर हात ठेवला.

खांबाला धरून हौसाबाई उभी राहिली.

"बाबली महादेव गिरकर," ती म्हणाली. आवाज फाटला तरी थांबली नाही. "माझ्या ओमकाराचो तांडेल. एकट्याक सोडून परत इलो नाय तो."

बुवांनी वीणा छातीशी धरली आणि ते नाव देवापुढे घेतलं. मागोमाग सगळ्या मंडपाने घेतलं. बायांनी, पोरांनी, रापणीवाल्यांनी. सुदेश यांनीही घेतलं, कपाळ फरशीला टेकून. हौसाबाई चालत गेली आणि विमलाच्या शेजारी, गुडघ्याला गुडघा लावून बसली.

एवढीच गोष्ट. आता उठण्याआधी तुमच्याकडे एक मागणं आहे. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, तुमचं त्याच्याशी नातं नाही, आणि नाव घ्यायला तसंच माणूस लागतं. तेव्हा आज घरी देवापुढे हात जोडाल, तेव्हा एकदा मनात म्हणा: बाबली महादेव गिरकर, माडबंदरचा तांडेल. त्याची आठवण असू द्या.